पाठमोरा वस्फी

वस्फीचा चेहरा कुणाच्या लक्षात राहत नसे. तो माझ्या चुलत्याचा मुलगा. आम्ही एकाच अंगणात वाढलो, म्हणून पुढे आमचं लग्न झाल्यावरही मी त्याला एकेरीच बोलायची. पण डोळे मिटून त्याचं नाक कसं आहे सांग म्हटलं असतं, तर मलासुद्धा सांगता आलं नसतं. ना उंच, ना बुटका, ना गोरा, ना सावळा. गल्लीच्या तोंडाशी बसणारा भाजीवाला त्याला रोज नव्यानं सलाम करून विचारायचा, "कुठून आलात, साहेब?"

उस्ताद मिहरानला मात्र तो पाहताक्षणी आवडला. "असाच माणूस मला हवा होता," उस्ताद म्हणाला. "या पोराला काहीही चढवा, शोभतं."

उस्ताद मिहरान आर्मेनियन होता. शामच्या, म्हणजे सिरियाच्या, किनाऱ्यावरच्या आमच्या त्रिपोलीत, घड्याळाच्या मनोऱ्याजवळ, एका मिठाईच्या दुकानाच्या माडीवर त्याचा फोटो स्टुडिओ होता. लोक तिथे नुसता फोटो काढायला येत नसत, गंमत करायला येत. माणूस बसेल एवढी पत्र्याची चंद्रकोर होती, तिला नाक आणि हसरा डोळा रंगवलेला. लाकडाचं विमान होतं. साबणाच्या कारखान्याचा मुकादम त्यात बसून खाली कुणीतरी उभं असल्यासारखा हात हलवायचा. बेदूइन शेखाचे कपडे होते, लाकडी तलवार होती, आणि पितळी बटणांचा एक लष्करी कोट होता, तो तर रोज कुणीतरी घालायचंच. गिऱ्हाइकाला कपडे चढवायचे, लाल तुर्की टोपीवरून ब्रश फिरवायचा, मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावायचा, ही वस्फीची कामं.

सगळ्यात जास्त मागणी एकाच माणसाच्या दुहेरी फोटोला असायची. उस्ताद भिंगापुढे एक काळी डबी बसवायचा, तिनं कॅमेऱ्यातल्या फोटोच्या काचेचा अर्धा भाग झाकला जायचा. आधी माणूस डावीकडे बसायचा, मग डबी फिरवून तोच माणूस उजवीकडे. छापून आलं की एकाच कोचावर तो स्वतःच्याच शेजारी बसलेला. नमुना म्हणून जिन्याच्या तोंडाशी लावलेल्या फोटोत वस्फी होता. एक वस्फी रुबाबात बसलेला, दुसरा वस्फी वाकून त्याला कॉफी देतोय. बाजारातली पोरं ओरडायची, "वस्फी, कॉफी देणारा तू का पिणारा तू?"

"ज्याला पगार नाही तो मी," तो म्हणायचा.

असा हसरा होता तो. हे सांगून ठेवते, कारण नंतर ज्यांनी त्याला पाहिलं त्यांना हे खरं वाटत नाही.

चौदा सालच्या उन्हाळ्यात ढोल वाजवत तुर्की सैन्यभरतीची दवंडी फिरली. त्या संध्याकाळी माझ्या चुलतीनं, वस्फीच्या आईनं, त्याला स्वयंपाकघरात हाक मारली. "जरा ती मटणाची फळी धर रे," म्हणाली. त्यानं उजवा हात फळीवर ठेवला आणि तिनं सत्तूर घातला. अंगठ्याशेजारचं बोट गेलं. बंदुकीचा घोडा ज्या बोटानं ओढतात ते. मी तेव्हा अंगणात कपडे वाळत घालत होते. त्याची किंकाळी ऐकून आत धावले, तर चुलती त्याचा हात पिठात दाबून धरून बसली होती आणि म्हणत होती, "शिव्या दे मला. दे, हव्या तेवढ्या दे. पण घरी बसून दे."

भरतीच्या अधिकाऱ्यानं त्याचा हात पाहिला, थुंकला आणि त्याला हाकलून दिलं. गल्लीतली बाकीची पोरं गेली. कुणी दार्दनेल्सला, कुणी सुएझकडे, कुणी रशियाच्या सरहद्दीवरच्या बर्फात. जाण्याआधी काही जण स्टुडिओत येऊन तोच पितळी बटणांचा कोट घालून फोटो काढून गेले. बहुतेकांना ते जमलं नाही. मग टोळधाड आली, मग उपासमार, मग तापाची साथ. त्या वर्षांबद्दल मी बोलणार नाही. चुलती त्यातच गेली. लढाई संपली, फ्रेंच आले, आमचं लग्न झालं. पोरं काही परत आली नाहीत. मेली असंही कुणी येऊन सांगितलं नाही.

त्यांच्या आयांपैकी स्टुडिओत आलेली उम्म रामिझ, म्हणजे रामिझची आई, पहिली. लोहारआळीत राहणारी विधवा, रामिझ तिचा एकुलता एक. काळा बुरखा सावरत ती जिना चढून आली आणि जिन्यातला वस्फीचा दुहेरी फोटो बोटानं दाखवून उस्तादला म्हणाली, "नसलेला माणूस शेजारी बसवता ना तुम्ही? माझ्या मुलाला बसवा."

"खातून, मुलाचा एखादा फोटो आहे का?"

"असता तर इथं कशाला आले असते?"

"मग मी काय करू? तोंड तरी हवं ना. माझ्याकडे चंद्र आहे, विमान आहे. तुमचा मुलगा नाही."

वस्फी भिंतीकडे तोंड करून कोटाला ब्रश करत होता. उम्म रामिझ त्याच्याकडे बघत राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "त्याला तो कोट घालायला सांगा. वळू नको म्हणावं. मागून तोच आहे."

उस्ताद नाही म्हणणार होता. त्याच्या स्वतःच्या माणसांचं काय झालं ते तो कधी बोलला नाही, पण अदानाहून, त्याच्या गावाहून, त्याच्याकडे कुणी येत नसे आणि तोही कुणाला पत्र लिहीत नसे. तो वस्फीकडे बघून थांबला. वस्फीनं कोट घातला.

परक्या पुरुषाशेजारी ती बसणं शक्य नव्हतं, म्हणून काळी डबीच वापरली. आधी ती डावीकडे बसली, तिला बाजूच्या पडद्याआड पाठवलं, मग उजवीकडे वस्फी. समुद्र रंगवलेल्या पडद्याकडे तोंड, कॅमेऱ्याकडे पाठ. तुटकं बोट दिसू नये म्हणून उजवा हात कोटाच्या बटणांत खुपसलेला. काही केल्या त्याची पाठ ओंडक्यासारखी दिसत होती. उस्ताद वैतागला. तेव्हा वस्फी बाजूच्या पडद्याच्या दिशेनं म्हणाला, "खाला, एकदा हाक मारा त्याला. घरी मारायचात तशी."

पडद्याआडून आवाज आला, "रामिझ! अरे रामिझ, ये ना खाली!"

वस्फीचा खांदा ताठ झाला. मान जराशी तिरकी झाली. हाक ऐकून आता वळणारच, असा माणूस. उस्तादनं तेवढ्यात काच उजळवली.

तो फोटो मी पाहिलाय. मधोमध, दोन भाग जुळले तिथे एक बारीक काळी रेघ आहे. रेघेच्या अलीकडे आई, पलीकडे मुलगा. उम्म रामिझनं तो हातात घेतला, रेघेवरून अंगठा फिरवला आणि वस्फीला म्हणाली, "अल्ला तुझ्या आईला जन्नत देवो." वस्फी मोरीत जाऊन ओकला.

"पुन्हा बसू नकोस," त्या दिवशी मी त्याला सांगितलं.

"माझ्या आईनं सत्तूर घातला आणि त्यांच्या आयांना ते सुचलं नाही, किंवा धीर झाला नाही," तो म्हणाला. "माझ्यात आणि त्या पोरांत तेवढाच फरक आहे, नझीरा. बसायला काय जातंय माझं?"

बातमी पसरली. बाब-अल-तब्बानेहून बाया आल्या, मीना बंदरावरून कोळणी आल्या, डोंगरातल्या गावांतून गाढवावर बसून म्हाताऱ्या आल्या. चंद्रकोर कोपऱ्यात सरकवून ठेवली. वस्फी प्रत्येकीला विचारायचा, कसा बसायचा तुमचा मुलगा? आणि त्या सांगायच्या. डाव्या कुल्ल्यावर भार टाकून. बाप आला की पाय आत ओढून. मानेवर सतत हात फिरवत, घामोळं होतं त्याला. एक तर उठून त्याचे खांदेच धरायला लागली, उस्तादनं थांबवलं. सगळ्यांत शेवटी, "हाक मारा." हाक आली की खांदा ताठ, आणि वळायचं नाही.

भिंतीवर टांगलेला असा फोटो मला पहिल्यांदा लबीबाच्या घरी दिसला. लबीबा माझी हमामखान्यातली ओळख. तिच्या सासूला बरं नव्हतं म्हणून मी भेटायला गेले होते. तिनं चहा ठेवला आणि भिंतीकडे हात करून म्हणाली, "हा माझा धाकटा दीर, हाफिझ. गझ्झ्याच्या आघाडीवर गेला. काय रुबाब आहे बघ."

मी पाहिलं. कोटाच्या डाव्या कोपरावर आदल्याच महिन्यात मी लावलेलं ठिगळ होतं. दोरा जुळता मिळाला नाही म्हणून मी तपकिरी वापरला होता. फोटोतसुद्धा तो टाका वेगळा दिसत होता.

"आहे खरा," मी म्हटलं.

"आई रोज त्याला झोपताना सगळं सांगते. कोंबडीनं किती अंडी घातली ते पण."

मग मी जाईन तिथे तो दिसायला लागला. सुताराच्या घरी, शेख मुस्तफाच्या बायकोच्या उशाशी, मशिदीपलीकडच्या आंधळ्या म्हातारीच्या खोलीत, जिला फोटो दिसतसुद्धा नव्हता. माझा नवरा पाठ करून बसलेला, वेगवेगळ्या नावांनी. मी मुकाट्यानं चहा प्यायची आणि उठायची. सांगणार काय? त्या बायांना माहीत नव्हतं असं थोडंच आहे. माहीत होतं म्हणूनच गुरुवारी मृतांच्या नावानं वाटायच्या खजुराच्या पोळ्या सगळ्यांत आधी आमच्या दारात यायच्या. "वस्फीला दे. हाफिझच्या नावानं आहेत. त्याला अशाच कडक आवडायच्या." आणि वस्फी त्या कडक पोळ्या खायचा. त्याला आधी मऊ आवडायच्या.

नुसतं पोळ्यांचंच नाही. तो डाव्या कुल्ल्यावर बसायला लागला. मानेवर हात फिरवायला लागला, घामोळं नसताना. एके दिवशी ताटातला कांदा वेचून बाजूला ठेवायला लागला.

"कांदा कधीपासून चालत नाही तुला?"

त्यानं ताटाकडे पाहिलं. "मला चालतो," तो म्हणाला, आणि तरीही वेचत राहिला.

सगळ्यात वाईट ते, जे एका दुपारी घडलं. तो अंगणात डाळिंबाच्या झाडाखाली पाठमोरा बसला होता. मी दारातून हाक मारली, "वस्फी!" त्याचा खांदा ताठ झाला. मान जराशी तिरकी झाली. आणि तो तसाच राहिला. मी पुन्हा हाक मारली. तो ऐकत होता, मला त्याच्या पाठीवरून कळत होतं की तो ऐकतोय, पण वळला नाही. मी पुढे जाऊन त्याच्या समोर उभी राहिले, तेव्हा तो दचकून म्हणाला, "कुणाला हाक मारत होतीस?"

त्या दिवसापासून मी त्याला हाक मारणं सोडलं. काही हवं असलं की समोर जाऊन उभी राहायची.

फ्रेंच आल्यानंतरच्या चौथ्या की पाचव्या वर्षी, ऑलिव्ह तोडायच्या दिवसांत, रामिझ परत आला.

रशियनांनी त्याला बर्फात पकडलं होतं. सैबेरियाच्या छावणीत ठेवलं, मग त्यांच्याकडेच राज्य उलथलं, मग त्याला कुणी विचारलंच नाही. कुठे लाकडं फोडत, कुठे भीक मागत, कुठे जहाजाच्या तळाशी कोळसा ओढत तो मीनाच्या धक्क्यावर उतरला. केस पांढरे, पुढचे दात नाहीत, आणि थंडीनं झडलेला नाकाचा शेंडा. लोहारआळीत जाऊन त्यानं आपल्या घराची कडी वाजवली. उम्म रामिझनं दार उघडलं, त्याला नीट पाहिलं, भाकरी आणून हातावर ठेवली आणि म्हणाली, "अल्ला तुला तुझ्या आईकडे पोचवो, बाळा." आणि दार लावून घेतलं.

शेजाऱ्यांनी गलका केला. त्याच्यासोबत गोट्या खेळलेला न्हावी येऊन शपथेवर म्हणाला, हाच तो. तिनं त्यांना आत नेऊन भिंत दाखवली. "माझा मुलगा इथं आहे. हा कोण ते तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी रामिझ स्टुडिओत आला. मी वस्फीचा डबा घेऊन तिथे गेले होते, म्हणून मला हे प्रत्यक्ष ठाऊक आहे. तो दारात उभा राहिला आणि त्यानं वस्फीकडे नाही, खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं.

"मी कोण आहे इथं?" त्यानं विचारलं. दात नसल्यानं शब्द निसटत होते. "तू? का हा म्हातारा?"

उस्ताद म्हणाला, "बस, भाऊ. कॉफी घे."

"कॉफी नको. माझ्या भिंतीवर बसून माझ्या आईचं बोलणं ऐकत होता तो कोण, तेवढं सांगा."

"मी," वस्फी म्हणाला.

रामिझ त्याच्या अगदी जवळ आला. मला वाटलं मारणार. त्यानं वस्फीला खांद्याला धरून गर्रकन फिरवलं, भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मागून बघत राहिला.

"हा मी नाही," तो म्हणाला. "माझे खांदे असे नव्हते. कोण म्हणालं हा मी आहे म्हणून?"

"तुझी आई," उस्ताद हळूच म्हणाला.

रामिझ खाली बसला, जमिनीवरच, विमानाच्या चाकाशी. "तिला सांग," तो वस्फीला म्हणाला. "तूच सांग तिला. माझं ती ऐकत नाही. भाकरी देते. भिकाऱ्याला देतात तशी."

वस्फी गेला, मी सोबत गेले. वस्फीनं उम्म रामिझसमोर आपला उजवा हात धरला. "खाला, हा हात बघा. बोट नाही. म्हणून फोटोत तो कोटात लपवलाय. फोटोत मी आहे, रामिझ नाही. रामिझ बाहेर ओट्यावर बसलाय."

"मी आंधळी आहे का?" उम्म रामिझ म्हणाली. ती शांत होती. "फोटोत तू आहेस हे मला ठाऊक नाही? मी तुझ्याकडून रामिझ नव्हता मागितला. पाठ मागितली होती. गेला तेव्हा मला पाठच दिसली होती त्याची, या दारातून. त्या पाठीला मी इतकी वर्षं सगळं सांगितलं. घरात काय शिजलं, काय नाही शिजलं. मी कुणाची चप्पल चोरली त्या उपासमारीत, तेसुद्धा." तिनं दाराकडे बोट केलं. "या ओट्यावरच्याला मी काय सांगू? त्याला नाकसुद्धा नाही."

"तो सांगेल तुम्हाला, खाला. त्याचं ऐका."

"माझ्यात ऐकायचं बळ नाही रे."

परत येताना वस्फी पुढे चालत होता. पुलावर आल्यावर थांबला. खाली अबू अली नदी गढूळ वाहत होती. "तिला पुन्हा स्टुडिओत आणशील?" त्यानं विचारलं. "तू बाईमाणूस आहेस, तुझ्यासोबत येईल. सांग, नवा फोटो काढायचाय, जुना पिवळा पडलाय."

जुना खरंच पिवळा पडला होता, म्हणून ती आली. पण रामिझला तिथे पाहून दारातच थबकली. "हा कशाला?"

"या वेळी कोट तो घालणार आहे," वस्फी म्हणाला. "माझी पाठ दुखते आजकाल."

"मग डबी लावा. परक्या माणसाशेजारी मी बसणार नाही."

"डबीची काच फुटलीय," उस्ताद साफ खोटं बोलला. डबीला काच नव्हतीच. "नझीरा आहे ना इथं. तुमच्या शेजारीच उभी राहील. फोटोत येणार नाही ती."

बराच वेळ कुरकुर करून ती बसली, कोचाच्या अगदी टोकाला, अंग चोरून. रामिझनं कोट चढवला. त्याला तो सैल झाला. वस्फीनं त्याला समुद्राच्या पडद्याकडे तोंड करून बसवलं, कॉलर नीट केली, आणि कानात काहीतरी बोलला. नंतर मी विचारलं तेव्हा कळलं, तो एवढंच म्हणाला होता, "नीट बस, बाकी तुझ्या हातात नाही."

उस्ताद काळ्या फडक्याखाली गेला. वस्फी कॅमेऱ्याशेजारी उभा राहिला आणि सगळ्या आयांना विचारायचा त्याच आवाजात म्हणाला, "खाला, हाक मारा."

इतक्या वेळा घरात भिंतीला हाक मारलेली ती बाई. तिनं विचारसुद्धा केला नाही. कॅमेऱ्याकडे बघतच तोंडातून निघालं, "रामिझ! ये ना खाली!"

आणि तो वळला. कुणीही वळेल तसा. "आलो," म्हणाला.

उम्म रामिझनं मान फिरवली. तिचा चेहरा मी जवळून पाहत होते. आनंद नव्हता त्यात. भीती होती, भिंतच वळून बोलली असती तर वाटली असती तशी. "वळलास," ती म्हणाली. मग तिनं हात उचलला आणि त्याच्या कानशिलात अशी लगावली की त्याची टोपी उडाली. "वळलास? इतकी वर्षं हाका मारतेय मी! इतकी वर्षं!" दुसरी लगावली. तिसरीच्या वेळी तिचा हात त्याच्या गालावरच राहिला, आणि मग तिनं त्याच्या झडलेल्या नाकाला बोट लावलं, तापलेल्या तव्याला लावतात तसं, जरासं, आणि काढून घेतलं.

काच वाया गेली. छापल्यावर डावीकडे नुसता काळा बुरखा हललेला आणि उजवीकडे कोटाच्या वर धुक्यासारखं काहीतरी. उम्म रामिझनं तोही फोटो मागून घेतला.

सगळं सुरळीत झालं असं म्हणता येणार नाही. तिनं दोन्ही फोटो भिंतीवर लावले. मरेपर्यंत ती सकाळी उठून जुन्या पाठीशी बोलायची आणि जेवताना रामिझशी, आणि एकाला सांगितलेलं दुसऱ्याला सांगायची नाही. रामिझनं नंतर लोहारकाम धरलं, लग्न केलं. आईची खोली झाडताना तो त्या जुन्या फोटोखालून मान खाली घालून जायचा, असं त्याची बायको सांगायची.

पण शहरात वेगळंच सुरू झालं. रामिझ आला म्हणजे कुणीही येऊ शकतं. ज्यांनी मनाची तयारी केली होती त्यांची पुन्हा झोप उडाली. लबीबाच्या सासूनं हाफिझचा फोटो काढून ट्रंकेत घातला, "जिवंत माणसाचा असा फोटो लावू नये" म्हणून, आणि रोज संध्याकाळी वेशीपर्यंत जायला लागली. डोंगरातून आलेल्या एका म्हातारीनं भर बाजारात वस्फीची गचांडी धरली. "तू बसलास म्हणून माझा आला नाही! त्याची जागा अडवून बसलायस तू!" लोकांनी तिला ओढून बाजूला केलं. वस्फी हात खाली सोडून उभा होता. "बरोबर आहे तिचं," घरी आल्यावर म्हणाला.

"काही बरोबर नाही."

"नझीरा, मला आता रात्री-दिवसा सगळ्यांच्या हाका ऐकू येतात. कुठल्या हाकेला वळायचं ते कळत नाही."

"माझ्या," मी म्हटलं.

तो पुन्हा कधी कोचावर बसला नाही. बाया आल्या की उस्तादच हात जोडायचा. काही वर्षांनी उस्ताद आपल्या एका दूरच्या भाच्याकडे ब्वेनोस आइरेसला निघून गेला. विमान सुतारानं फोडून नेलं. कोटाचं काय झालं मला माहीत नाही. वस्फी मीनाजवळ एका दुकानात संत्र्यांच्या पेट्यांवर शिक्के मारायचा. अंगणात मी पुन्हा हाक मारायला लागले, आणि तो वळायचा, पण उशिरा. मधल्या वेळात त्याची पाठ बघत उभं राहणं मला शेवटपर्यंत जमलं नाही. मी हाक मारून लगेच डोळे मिटायची.

तो गेला तेव्हा ऑगस्ट होता. बरीच वर्षं छातीत कफ साठत होता, औषधाचा उपयोग नव्हता. सकाळी नऊच्या सुमारास, माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेला. बाप्यांनी त्याला नेलं, आणि घरी बाया यायला लागल्या.

मला वाटलं होतं पाच-सात शेजारणी येतील. अंगण भरलं. जिन्यावर बसल्या, डाळिंबाखाली बसल्या, गल्लीत उभ्या राहिल्या. सगळ्या म्हाताऱ्या. कित्येकींना मी ओळखतसुद्धा नव्हते. कडू कॉफी संपली, शेजारून भांडं आणलं. त्या रडत होत्या आणि रडताना नावं घेत होत्या. हाफिझ. अनीस. दाऊद. वस्फीचं नाव कुणीच घेतलं नाही. मी माझ्याच घरात पाहुणी असल्यासारखी कोपऱ्यात बसले होते. राग आला का? आला, थोडा वेळ. मग लबीबाची सासू दोघींच्या आधारानं माझ्याशेजारी येऊन बसली. ती आता वेशीवर जात नव्हती, पाय चालत नव्हते. तिनं माझा हात हातात घेतला.

"शेवटी त्रास झाला का गं त्याला?"

"नाही, खाला. पहाटे पाणी मागितलं, मी दिलं."

"तुझ्या हातानं?"

"माझ्या हातानं."

"थंडी वाजत होती का?"

बाहेर ऊन असं पेटलं होतं की भिंतीला हात लावता येत नव्हता. "नाही, खाला. चादरसुद्धा लागली नाही."

"एकटा नव्हता ना?"

"डोकं माझ्या मांडीवर होतं."

"आणि डोळे?"

"मी मिटले."

ती मान हलवत राहिली, हळू, कितीतरी वेळ. मग माझा हात सोडला, कुणाच्या तरी आधारानं उठली, आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसली. हिला मी कधीच पाहिलं नव्हतं, पायांवर डोंगरवाटेची धूळ होती. तिनंही माझा हात घेतला.

"पोरी," ती म्हणाली, "शेवटी त्रास झाला का त्याला?"

मागे बाया एकामागून एक थांबल्या होत्या. मी पाण्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.